‘थोडे आठवा’ : पण केव्हा आणि किती वेळा?

तासाला सगळे समजल्यासारखे वाटते आणि चाचणीत मात्र काही आठवत नाही, ही तक्रार विद्यार्थी करतात, पालक करतात आणि शिक्षक-खोलीत बसून आपणही करतो. तिचे निदान बहुधा दोहोंपैकी एक असते. मुलांचे लक्ष नव्हते, किंवा मुलांनी घरी अभ्यास केला नाही. दोन्ही निदानांत दोष मुलांच्या पदरात पडतो आणि तास होता तसाच राहतो. तासाच्या आधी काय घडते आणि तासानंतर तोच विषय मुलासमोर पुन्हा केव्हा येतो, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक ऐकलेले मनात टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांवरच ठरते.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतून या कामासाठी तीन साधने मुलांच्या हाती आली. पहिले, विज्ञानाच्या धड्याच्या आरंभी येणारी ‘थोडे आठवा’ ही चौकट. दुसरे, पुस्तकावर छापलेला क्यू.आर. कोड. तिसरे, ‘माझी नोंद’ या नावाची कोरी पाने. यांपैकी दुसऱ्याच्या इतिहासात सोलापूर जिल्ह्याचे नाव ठळकपणे येते, आणि पहिले व तिसरे जिल्ह्यातील शाळांनी रोजच्या वापरात पाहिले आहे. या तिन्ही साधनांचे मोल काय, त्यांत उणे काय, याची तपासणी येथे करावयाची आहे. ही साधने मुळात चांगल्या हेतूने आली; म्हणूनच त्यांची झडती घेणे अगत्याचे वाटते.

आधीची तयारी

बी.एड.ला असताना आपण सर्वांनी पाठटाचणे लिहिली आहेत. पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन हे रकाने आपण भरले आणि हर्बार्टच्या पंचपदीवर परीक्षेत टिपाही लिहिल्या. नव्या ज्ञानाला जुन्या ज्ञानाचा आधार हवा, हा त्या पंचपदीचा गाभा. पुढे नोकरीत रुळल्यावर प्रस्तावनेचे रूपांतर फळ्यावरच्या शीर्षकात होते आणि हेतुकथन ‘आज आपण भिंगे शिकणार आहोत’ एवढ्यावर येऊन थांबते.

हा आधार कसा असावा याचा कस अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६० साली लावून पाहिला. पोलादाच्या गुणधर्मांवरील एक लांबलचक उतारा त्यांनी विद्यार्थ्यांना वाचायला दिला. त्याआधी काही जणांना एक छोटे टिपण दिले. शुद्ध धातू आणि मिश्रधातू यांत काय साम्य, काय भेद, अशी व्यापक कल्पना त्यात मांडलेली होती. उरलेल्यांना तेवढ्याच लांबीचे दुसरे टिपण मिळाले. त्यात पोलादनिर्मितीचा इतिहास होता. नंतरच्या चाचणीत पहिल्या गटाची कामगिरी सरस ठरली. आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे. धड्याची सुरुवात रंजक असली म्हणजे ती तयारी झाली, असे नव्हे. न्यूटनच्या सफरचंदाची गोष्ट मुलांना आवडते. पण वस्तुमान आणि वजन यांतला फरक ज्यावर टांगायचा ती खुंटी त्या गोष्टीत नसते. यंत्रमागाच्या गावात हे सांगायला फार शब्द नकोत. उभा ताणा आधी ताणून घेतला नाही, तर आडवा धागा कितीही वेगाने फेकला तरी कापड तयार होत नाही.

या कसोटीवर ‘थोडे आठवा’ ही चौकट कशी उतरते? दहावीचे विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे पुस्तक २०१८ साली नव्याने आले. त्यातील गुरुत्वाकर्षणाच्या धड्याआधी बलाचे परिणाम आणि बलाचे प्रकार विचारले आहेत. नववीतील गतीच्या नियमांची ती उजळणी आहे. भिंगांच्या धड्याआधी आरशांशी संबंधित संज्ञा आठवायला सांगितल्या आहेत. ही निवड उत्तम आहे. नाभी, वक्रता केंद्र, मुख्य अक्ष, चिन्हांचे संकेत हे सारे सामान नववीतल्या आरशांकडून दहावीतल्या भिंगांकडे जसेच्या तसे येते. ज्याला ते आठवले त्याला नवे असे थोडेच शिकायचे राहते. ज्याला आठवले नाही त्याच्यावर सगळा धडा एकदम कोसळतो. पुस्तक तयार करणाऱ्यांनी खुंटी नेमकी जागा पाहून ठोकली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

उणीव आहे ती तिच्या वापराच्या जागी. ही चौकट त्याच तासाच्या पहिल्या मिनिटात वाचली जाते. साठांच्या वर्गात दोन-तीन हात वर होतात, त्यांतला एक उत्तर देतो, शिक्षक ‘बरोबर’ म्हणतात आणि गाडी पुढे जाते. आठवण्याचे काम एकाने केले. उरलेल्यांनी ते ऐकले. प्रश्नाखाली उत्तर लिहायला जागा नाही, त्यामुळे कोणाला काय आठवले याची खूण कुठेच राहत नाही. शिवाय बाजारातील मार्गदर्शकात या प्रश्नांचीही तयार उत्तरे मिळतात. मग आठवायच्या प्रश्नाचे पाठ करायच्या प्रश्नात रूपांतर होते आणि चौकटीचा हेतूच उलटतो.

येथे एक शंका रास्तपणे येते. मुलांना जे येत नाही ते आधी विचारून काय उपयोग? चुकीचे उत्तर डोक्यात पक्के नाही का बसणार? रिचलंड, कॉर्नेल आणि काओ या संशोधकांनी २००९ साली नेमके हेच तपासले. उतारा वाचण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्यातले प्रश्न विचारले. बहुतेकांची उत्तरे अर्थातच चुकली. तरी नंतरच्या चाचणीत ज्यांनी आधी प्रयत्न केला होता त्यांना अधिक आठवले. प्रयत्न फसला तरी मन उत्तराची वाट पाहू लागते, असा याचा अर्थ लावता येईल. अट एकच आहे : खरे उत्तर नंतर मिळाले पाहिजे. प्रश्न टाकून त्याकडे पुन्हा न फिरकणे हे मात्र नुकसानीचे. ‘थोडे आठवा’चे बहुधा असेच होते. धड्याच्या शेवटचा स्वाध्याय त्या धड्यापुरता असतो. आरंभीच्या प्रश्नांची पुन्हा विचारपूस करण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

पुन्हा ऐकणे आणि पुन्हा आठवणे

आता क्यू.आर. कोडाकडे वळू. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांना कोड जोडून त्यामागे कविता, चित्रफिती, गोष्टी आणि स्वाध्याय ठेवले. याच कामासाठी त्यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून देण्याचे घोषित केले. दरम्यान ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले होते आणि राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर कोड छापले जाऊ लागले होते.

या साधनाचे खरे बळ पुनरावृत्तीत आहे. शिक्षक एकदा बोलतो, कोड हवा तितक्या वेळा बोलतो. ज्या घरात अभ्यास घेणारे कोणी नाही, त्या घरात ही गोष्ट लहान नव्हे. रिचर्ड मेयर यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना एकच विज्ञानविषयक उतारा एकदा, दोनदा किंवा तीनदा ऐकवला. पुन्हा ऐकल्याने आठवण तर वाढलीच. पण कशाची आठवण वाढली हे अधिक महत्त्वाचे. मूळ संकल्पना अधिक पकडीत आल्या आणि नवे प्रश्न सोडवणे सुधारले. पहिल्या ऐकण्यात मन तपशिलांच्या मागे धावते, पुढच्या खेपेला त्यांची जुळणी दिसते. आणखी लक्षणीय बाब अशी, की उताऱ्याआधी संकल्पनेची नीट ओळख करून दिली तर तिचा परिणामही बराचसा असाच होतो, असे त्यांना आढळले. तयारी आणि पुनरावृत्ती ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

तथापि पुन्हा ऐकणे म्हणजे पुन्हा शिकणे, असे समजणे घातक ठरेल. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे. एका गटाने उतारा चार बैठकांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर चित्र पालटले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आपल्याला खूप लक्षात राहील असा विश्वास कोणाला अधिक होता? चार वेळा वाचणाऱ्यांना! चित्रफीत दुसऱ्यांदा पाहताना सारे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, असा मुलाचा समज होतो. ‘तासाला समजले होते’ या तक्रारीचे मूळ येथे आहे.

म्हणून कोडाबद्दल आमचे मत असे. त्याने पुन्हा ऐकण्याची सोय घरोघर नेली, हा मोठा लाभ. परंतु ज्या कोडामागे केवळ चित्रफीत आहे आणि मध्येच थांबवून ‘आता सांग पाहू’ असे विचारणारे कोणी नाही, तो कोड अर्धे काम करतो. परितेवाडीत कोडामागे गावातला, रोज भेटणारा शिक्षक उभा होता. राज्यभर कोड पोहोचवता आला. त्यामागचा विचारणारा माणूस छापून पाठवता येत नाही.

परवचा आणि घोकंपट्टी

पुनरावृत्ती हा शब्द उच्चारला की हल्ली लगेच ‘घोकंपट्टी’ असा शिक्का बसतो. हा अन्याय आहे. दिवेलागणीला परवचा म्हणणारी मुले पुस्तक उघडून बसत नसत. पाढे, पावकी, निमकी, दिडकी तोंडाने म्हणत, रोज म्हणत. म्हणजे त्यात आठवून सांगणे होते आणि दिवसादिवसाचे अंतरही होते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांत अंतराचे हे महत्त्व मोजून दाखवले. बारा निरर्थक अवयवांची मालिका एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो लाभ झाला, तेवढा तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांत झाला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘रिव्हिजन’चा धडाका लावणाऱ्या शिकवण्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

परवच्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘साता आठे किती?’ असे मध्येच विचारले तर पुष्कळ मुले ‘सात एके सात’पासून सुरुवात करीत. एकाच क्रमाने, एकाच शब्दांत केलेली पुनरावृत्ती त्या क्रमाला चिकटून बसते. तेव्हा दुसऱ्या खेपेला प्रश्नाचे तोंड बदलले पाहिजे. व्याख्या एकदा विचारली असेल तर पुढच्या वेळी उदाहरण विचारावे. त्यापुढे आकृती अपुरी देऊन पुरी करून घ्यावी.

कोऱ्या पानांचा धडा

तिसरे साधन अल्पायुषी ठरले. २०२३-२४ या वर्षापासून दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत आली आणि त्यांत ‘माझी नोंद’साठी कोरी पाने जोडली गेली. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि मुलांनी शिकता शिकता टिपणे काढावीत, असा दुहेरी हेतू होता. २०२५ साली शासनाने ही पाने बंद करण्याचा निर्णय घेतला. मुलांच्या वह्या सुटल्या नव्हत्या आणि अनेक ठिकाणी पाने कोरीच राहिली होती.

यातून ‘मुलांना टिपणे काढता येत नाहीत’ एवढाच निष्कर्ष काढणे बरोबर नाही. ऐकणे, त्यातले महत्त्वाचे निवडणे आणि ते लिहिणे ही तीन कामे एकाच वेळी करणे पदवीच्या विद्यार्थ्यालाही जड जाते. तिसरी-चौथीच्या मुलापुढे कोरे पान ठेवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीची खोली सांगण्यासारखे आहे. पान अर्धे भरलेले हवे होते. मुख्य मुद्दे छापलेले, मधल्या जागा मोकळ्या, आकृतीची बाह्यरेषा काढलेली आणि नावे रिकामी, असे. मुलाला ऐकताना काय पकडायचे ते अशा पानावरून कळते आणि लिहायचे मोजकेच राहते. कल्पना चांगली होती. तिला पहिली पायरी नव्हती. ती पाने गेली याचे आम्हांला दुःख नाही. मात्र त्यांच्याबरोबर टिपण शिकवण्याचा विचारही रद्दीत जाऊ नये.

अकरावीचा उंबरठा

या साऱ्याची सर्वांत कठोर परीक्षा अकरावीत होते. सोलापूर शहरातील कनिष्ठ महाविद्यालयांत मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथून मुले येतात. घरी कोणाची मराठी, कोणाची कन्नड; शहराच्या पूर्व भागातील विणकर कुटुंबांत तेलुगू, काही घरांत उर्दू. यांतील अनेकांनी दहावीपर्यंतचे विज्ञान मराठीतून शिकलेले असते आणि अकरावीचे विज्ञान त्यांच्या कानांवर इंग्रजीतून पडते. ज्याला ‘अपवर्तन’ पक्के येते तोही ‘रिफ्रॅक्शन’ ऐकून गोंधळतो. तो विज्ञानात कच्चा नसतो. शब्द ओळखण्यात त्याचे क्षण खर्च होतात आणि तेवढ्यात प्राध्यापक पुढच्या वाक्यावर गेलेले असतात. पहिले दोन महिने असे गेले की मूल स्वतःलाच मंद समजू लागते. काही जण विज्ञान शाखा सोडतात. येथे पणाला लागलेले असते ते गुणांपेक्षा मोठे आहे : आपल्याला हे जमणारे नाही, असा एका हुशार मुलाने स्वतःबद्दल कायमचा करून घेतलेला समज.

अशा मुलांसाठी आदल्या दिवशी दिलेली दहा-बारा शब्दांची यादी कोणत्याही चित्रफितीपेक्षा मोलाची ठरेल. इंग्रजी संज्ञा, तिचा मराठी प्रतिशब्द, आणि दहावीत ती कोठे भेटली होती, एवढे तिच्यात पुरे. ओळखीचा शब्द कानावर आला म्हणजे मन अर्थाकडे वळायला मोकळे होते.

एक पान, पाच मिनिटे

आता करता येण्याजोगे सांगू. भिंगांचा धडा उद्या सुरू होणार असेल तर आज शेवटची पाच मिनिटे राखून फळ्यावर चार प्रश्न द्यावेत. आरशाच्या बाबतीत वस्तूचे अंतर ऋण का धरतो? बहिर्गोल भिंगाने खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा कागदावर घेतली तर ती सुलट असेल की उलट? आजोबांच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘+२’ लिहिलेले असते, ते कशाचे माप असेल? भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमा अर्धी दिसेल का? मुलांनी वहीत अंदाज लिहावा. मार्गदर्शक उघडायचा नाही आणि चुकल्यास गुण कापायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी तास त्या अंदाजांवरून पुढे न्यावा. ‘+२’ हा आकडा भिंगाच्या शक्तीचा आहे आणि त्या भिंगाचे नाभीय अंतर अर्धा मीटर असते, हे सांगताना आदल्या दिवशी अंदाज लिहिलेल्या मुलाचे डोळे वेगळे दिसतात. झाकलेल्या भिंगाचा प्रश्न तर करूनच पाहावा. प्रतिमा पूर्ण दिसते, फक्त मंद होते. कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या प्रत्येक भागातून जातात. तास संपताना पुस्तके मिटून दोन मिनिटे ‘आज काय नवे कळले’ ते लिहून घ्यावे. तीन दिवसांनी एक प्रश्न तोंड बदलून विचारावा : वस्तू १० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगापासून ३० सेंटिमीटरवर ठेवली, तर पडदा कोठे धरू? (उत्तर १५ सेंटिमीटर.) पंधरा दिवसांनी, दुसरा धडा चालू असताना, पुन्हा एक. याला फळा आणि खडू पुरतो. साधने मिळाली तर उत्तमच.

‘अभ्यासक्रम कसा पुरा होणार?’ हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. तासातली पाच-सात मिनिटे जातात, हे खरे आहे. पण जे शिकवून झाले आणि टिकले नाही, ते पुरे झाले असे म्हणायचे का? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तासच नीरस असेल, शिक्षकालाच विषय उमगलेला नसेल, तर आधीची यादी आणि नंतरचे प्रश्न त्याला तारणार नाहीत. हे मान्य. ही साधने चांगल्या तासाला टिकाऊ करतात. वाईट तासाला चांगला करीत नाहीत. तसेच वर सांगितलेले प्रयोग बहुतांशी परदेशी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. आपल्या साठ-सत्तरांच्या वर्गात, अनेक घरभाषांच्या मुलांबरोबर त्यांचे काय होते, हे आपणच पाहिले पाहिजे. एका तुकडीला महिनाभर आदल्या दिवशी प्रश्न द्यावेत, दुसरीला देऊ नयेत, पुढच्या महिन्यात उलट करावे आणि नोंद ठेवावी. विज्ञान शिकवणाऱ्याला एवढा प्रयोग अवघड नसावा.

तात्पर्य, ‘थोडे आठवा’ हे तिन्ही साधनांतले सर्वांत साधे आणि सर्वांत गुणी साधन आहे. त्याला हवा आहे एक दिवस आधीचा मुहूर्त, उत्तर लिहायला दोन ओळी, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारणारा शिक्षक. पुढच्या वेळी पुस्तके नव्याने तयार होतील तेव्हा मंडळाने त्या दोन ओळी जरूर द्याव्यात. बाकीचे दोन्ही आपल्या हाती आहेत, आणि त्यांसाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.